मंद विस्तवाची हकिकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी सणावारांवर, संतांवर आणि जिल्ह्यातील थोर स्त्रियांवर लेख येतात. सिंदखेडराजाच्या जिजाऊंवर तर येतोच, आणि तो यावाच. पण ज्या चुलीपुढे आपल्या आया-आज्यांचे आयुष्य गेले, तिचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. सगळ्या चुलीचा इतिहास लिहिणे माझ्याच्याने होणार नाही. म्हणून मी त्यातला एकच भाग घेतला आहे. मंद आचेवर, जवळ कोणी बसलेले नसताना, आपले आपण शिजणारे रोजचे अन्न हा तो भाग होय.

हल्ली मोठ्या शहरांत ‘स्लो कुकर’ नावाचे विजेचे भांडे मिळते. सकाळी त्यात डाळ, पाणी, भाजी घालावी, झाकण लावावे, बटण फिरवावे आणि आपल्या कामाला जावे. सायंकाळी परत यावे तो जेवण तयार. ज्यांच्या मुली-सुना पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशात आहेत त्यांनी ते पाहिलेही असेल. पाहणारी बाई प्रथम म्हणते, काय नवा शोध लागला! तो किती नवा आणि किती जुना, आणि मुख्य म्हणजे असे शोध आजवर कोणासाठी लागत आले, हे भगिनींनी एकदा नीट पाहावे असे मला वाटते.

आधी आपल्या वऱ्हाडापासून सुरुवात करू. आपल्याकडे सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. रानातले लाकूड सगळ्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. कापसाचा हंगाम संपला की शेतातल्या पऱ्हाट्या उपटून त्यांची गंजी घराशी लागे आणि तीच पुढच्या वर्षाची बेगमी. आता पऱ्हाटीचा जाळ कसा असतो हे सांगायला नको. भडकन पेटतो आणि बघता बघता बसतो. भाकरीला तो फार चांगला, कारण भाकरीला तवा तापलेला लागतो. पण तुरीची डाळ त्यावर शिजवायची तर बाईने सारखे बसून काडी सारत राहिले पाहिजे. गोवरीचे उलटे. ती पेटायला कुरकुर करते, डोळ्यांतून पाणी काढते, पण एकदा पेटली की तास न् तास धुमसत राहते. ह्या दोन विस्तवांची सांगड घालून आपल्या बायकांनी स्वयंपाकाची रीत बसवली. ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण तिच्यात शास्त्र आहे.

चुलीचा वैल ही त्या रीतीतली पहिली गोष्ट. मुख्य चुलीच्या शेजारी मातीनेच लिंपून काढलेले दुसरे तोंड म्हणजे वैल. त्याच्याखाली वेगळा जाळ नसतो. चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिकडे जातो आणि जी ऊब एरवी वाया गेली असती तिच्यावर दुसरे भांडे शिजते. इकडे तव्यावर भाकरी, तिकडे वैलावर डाळीचा गंज. भाकरी थापता थापता डाळीकडे पाहावे लागत नाही, कारण वैलावर काही करपत नाही. एका जाळात दोन कामे साधणारी ही युक्ती कोण्या बाईने प्रथम काढली तिचे नाव कोणाला ठाऊक नाही. साहेबाने काढली असती तर तिचे पेटंट झाले असते.

दुसरी गोष्ट निखाऱ्यांची. भाकरी झाल्या की निखारे पुढे ओढायचे, त्यांवर गाडगे ठेवायचे, तोंडावर परळ झाकायचा आणि भोवती राख सारून द्यायची. राखेखाली विस्तव दबून राहतो आणि सावकाश ऊब देतो. मग बाई शेतात निंदणीला किंवा वेचणीला निघून जाई. परत आल्यावर ज्वारीच्या कण्या, डाळ किंवा घुगऱ्या मऊ शिजलेल्या आणि गरम मिळत. माझी आजी आपल्या बोलीत म्हणायची, “सयपाक इस्तो करते, आपुन नुस्तं झाकन ठेवाव.” १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर ज्या बाया गेल्या, त्यांची घरे ह्याच रीतीवर चालली. त्या साली रेशनवर परदेशातला तांबडा मिलो मिळे. तो इतका चिवट की रात्रभर भिजवून दिवसभर निखाऱ्यावर ठेवल्याशिवाय पोरांच्या गळ्याखाली उतरत नसे, असे म्हाताऱ्या बाया अजून सांगतात.

शास्त्र आहे म्हटले, ते असे. पाणी एकदा उकळले की त्याच्याखाली कितीही जाळ केला तरी उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. जास्तीचा जाळ नुसती वाफ करून उडवतो. धान्यातला पिठूळ भाग तर सत्तरेक अंशांच्या आसपासच फुगून मऊ होऊ लागतो. डाळीला उकळीच्या जवळची ऊब लागते, पण तिलाही खळखळा उकळण्याची गरज नाही, ऊब टिकण्याची आहे. म्हणजे शिजवायला मोठा जाळ लागत नाही, वेळ लागतो. आपल्या भाषेत वाफेलाही दम म्हणतात आणि धीरालाही दमच म्हणतात, हे उगीच नव्हे. शिजेपर्यंत दम निघतो पण निवेपर्यंत निघत नाही, ही म्हण सगळ्यांच्या तोंडी आहे. मात्र चुलीपुढच्या बाईला शिजेपर्यंतचा दम किती जड जातो ते म्हण करणाराला विचारायला हवे होते.

ह्या कामात पाण्याचाही मोठा वाटा आहे, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. घाटावर चिखली-मेहकरकडे विहिरीचे पाणी बरे. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या बाजूला पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा लागतो. तिकडची कोणतीही बाई सांगेल की खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, किती वेळ ठेवा, दाणा वेगळा आणि पाणी वेगळे. पाण्यात चुन्याचा अंश जास्त असला की डाळीचे साल आणि पोट घट्ट राहते, असे जाणकार सांगतात. म्हणून तिकडे प्यायच्या पाण्याबरोबर डाळीपुरते गोडे पाणी लांबून डोक्यावर आणण्याची चाल होती. आंबटाचेही तसेच आहे. चिंच किंवा अंबाडी आधी पडली तर डाळ अडून बसते. अंबाडीची भाजी आधी वेगळी उकडून, पिळून, मग शिजल्या डाळीत किंवा कण्यांत घालायची ही रीत त्यातूनच आली असावी. अंबाडीचा उग्रपणा कमी होतो तो फायदा वेगळाच.

रोडग्यांचा उल्लेख केला नाही तर वऱ्हाडातला लेख कसला! जाडसर कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचे, वरून लाल झाले की त्याच गरम राखेत पुरून ठेवायचे आणि आतपर्यंत शिजू द्यायचे. पानगे असले तर त्यांना पळसाची पाने. मग ते फोडून तूप, वरण आणि वांग्याची भाजी. हाही मंद विस्तवाचाच स्वयंपाक. पण मोठी गंमतीची गोष्ट अशी की शेतात किंवा देवाच्या पारावर रोडग्यांचे जेवण असले की आमच्याकडे जगऱ्याभोवती बहुधा पुरुष मंडळी असतात. हसतखेळत, गप्पा मारीत ते भाजतात आणि त्यांचे कौतुकही होते. रोजच्या डाळीपाशी मात्र त्यांच्यापैकी कोणी दिसत नाही.

असो. जुन्या चुलीचे मी गुणगान करते आहे असे कोणी समजू नये. त्या चुलीने बायकांचे डोळे घेतले, छाती घेतली. गोवरीचा धूर फुप्फुसांना किती वाईट, हे आता जगातल्या वैद्यकाने मान्य केले आहे. तान्ही मुले आईच्या मांडीवर तोच धूर घेत. हे दुःख कोणाला दिसलेच नाही असे नव्हे. आपल्या शेजारच्या वर्ध्यात महात्माजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे काम मगनवाडीत चाले आणि तेथे धूर बाहेर काढणारी ‘मगन चूल’ तयार झाली. महात्माजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाची ती वाडी, आणि चुलीलाही तेच नाव. १९८३ नंतर सरकारनेही सुधारित चुलींची देशव्यापी योजना काढली. कित्येक गावांत त्या चुली बसल्या, काही टिकल्या, काहींची नळकांडी पहिल्या पावसात पडली ती पडलीच. चूल बसवणारा माणूस आला तेव्हा घरातल्या बाईला भांडी केवढी आहेत हे विचारले गेले की नाही, ह्यावर पुष्कळदा तिचे नशीब ठरले.

आता आपण वऱ्हाडातून कलकत्त्याला जाऊ, कारण स्लो कुकरचा खरा देशी पूर्वज तेथे जन्मला. इंदुमाधव मल्लिक (१८६९–१९१७) नावाचे एक विद्वान गृहस्थ तेथे होऊन गेले. त्यांनी तत्त्वज्ञान शिकले, कायदा शिकला आणि पुढे डॉक्टरही झाले. जगन्नाथपुरीला देवाचा महाप्रसाद मातीच्या मडक्यांची उतरंड रचून शिजवतात. एकावर एक सात मडकी, आणि खालचा विस्तव एकच. ते पाहून त्यांना कल्पना सुचली असे सांगतात. त्यांनी १९१० साली एक कुकर तयार केला आणि त्याला नाव दिले ‘इकमिक’. इंग्रजीतले हायजिनिक आणि इकॉनॉमिक, म्हणजे आरोग्याचा आणि काटकसरीचा, ह्या दोन शब्दांच्या शेपट्या जोडून ते नाव झाले म्हणतात.

तो कुकर म्हणजे उंच डब्यासारखे गोल भांडे. तळाशी लहानशी कोळशाची शेगडी, तिच्यावर पाणी, आणि पाण्याच्या वर जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक पुडे. एकात तांदूळ, एकात डाळ, एकात भाजी. थोडेसे कोळसे पेटवायचे, पुडे आत सोडायचे, झाकण लावायचे आणि बाहेर जायचे. कोळसे हळूहळू जळून विझतात, तोवर वाफेवर सर्व शिजलेले असते. करपण्याची भीती नाही, उतू जाण्याची नाही, ढवळायला नको. बाहेरचे भांडे बंद असल्याने कितीतरी वेळ अन्न गरम राहते. हा कुकर बंगालबाहेरही गेला आणि आपल्या महाराष्ट्रातही आला. जुन्या पिढीतील लोकांना विचारा, पुण्या-मुंबईला एकट्याने बिऱ्हाड करणाऱ्या कारकुनांच्या, मास्तरांच्या, विद्यार्थ्यांच्या खोलीत कोपऱ्यात इकमिक कुकर असे. मराठीत ‘कुकर’ हा शब्द शिट्टी वाजवणाऱ्या कुकरच्या आधी ह्या कोळशाच्या कुकरने आणला.

येथे थोडे थांबून विचार करावा. हा कुकर लोकप्रिय झाला तो कोणात? एकट्या पुरुषांत आणि प्रवाशांत. ज्याच्या घरी रांधणारी नाही, ज्याला कचेरीत जायचे आहे आणि खानावळीचे अन्न सोसत नाही, अशाने तो घेतला. त्याच्या वेळेला किंमत होती. महिन्याच्या पगारातून ती मोजता येत होती. त्याच माणसाचे लग्न होऊन बिऱ्हाडात बायको आली की कुकरची गरज संपली. मग तो माळ्यावर गेला आणि शेगडीपुढे बाई बसली. तिचे चार तास गेले तरी ते कोणाच्या हिशेबात धरले जात नव्हते, आणि जे हिशेबात नाही ते वाचवायला पैसे कोण खर्च करणार? यंत्र वाईट नव्हते. बाई यंत्रापेक्षा स्वस्त होती, इतकेच.

तिकडे युरोपातही जवळजवळ असेच झाले. नॉर्वेच्या एका कारागिराची ‘आपोआप शिजवणारी पेटी’ १८६७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली होती. आतून जाड अस्तर लावलेली पेटी, तिच्यात उकळलेले भांडे ठेवायचे आणि झाकण बंद करायचे. आत विस्तव अजिबात नाही. भांड्यातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, ही सगळी युक्ती. गरीब लोक अस्तराऐवजी वाळलेले गवत भरीत, म्हणून तिला गवताची पेटी म्हणू लागले. शांततेच्या काळात तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पण दोन्ही महायुद्धांत विलायतेत कोळसा तुटपुंजा झाला आणि बायकांना कारखान्यांत बोलावले, तेव्हा तिथल्या सरकारनेच गवताच्या पेटीचा प्रचार केला. बाईचा वेळ देशाला हवा होता तेव्हा तो मौल्यवान ठरला. युद्ध संपल्यावर पेटीही गेली.

आपल्याकडे त्याच सुमारास रॉकेलचा स्टोव्ह पसरला. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली काढलेला प्रायमस हा त्याचा मूळ पुरुष. त्याने धूर कमी केला, पण पंप मारायचा, पिन करायची, भडका सांभाळायचा. त्याला सोडून कोठे जाता येत नसे. स्टोव्हच्या भडक्याची किती प्रकरणे खरीच अपघाताची होती आणि किती नव्हती, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. त्यावर येथे जास्त लिहीत नाही.

मग आला शिट्टीचा कुकर. त्याचेही मूळ जुने आहे. डेनिस पापिन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली वाफ कोंडणारे भांडे लंडनला दाखवले होते. आपल्या देशात १९५९ साली मुंबईचे हॉकिन्स आणि दक्षिणेतले प्रेस्टीज हे दोन्ही कुकर सुरू झाले. वाफ कोंडली की आतले पाणी शंभर अंशांवर न थांबता सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते, म्हणून तासाची डाळ पंधरा-वीस मिनिटांत होते. खारपाणपट्ट्यातल्या बायकांना तर तो देवासारखा वाटला असेल, कारण अडून बसणारी डाळही त्याच्यापुढे पुष्कळशी नमते. त्याने इकमिकला मागे टाकले, ते योग्यच झाले. पण एक गोष्ट त्याने केली नाही. त्याने वेळ कमी केला, बाईला मोकळे केले नाही. शिट्ट्या मोजायला कोणीतरी घरात लागतेच. तीन झाल्या का चार, हा प्रश्न घराघरांत बाहेरच्या खोलीतल्या माणसाला आतून विचारला जातो आणि त्याचे उत्तर बरोबर येत नाही.

विजेच्या स्लो कुकरची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतले आयर्विंग नॅक्सन हे ज्यू गृहस्थ. त्यांची आई मूळची लिथुआनियातल्या विल्ना शहराकडची. ज्यू लोकांत शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सायंकाळपर्यंत विस्तव पेटवायचा नाही असा धर्म आहे. म्हणून तिकडच्या बायका शुक्रवारी मांस, घेवड्याच्या बिया आणि कंद घातलेले भांडे गावच्या भट्टीवाल्याकडे नेऊन देत. भट्टी विझत आलेली असे, तिच्या उरल्या ऊबेवर रात्रभर ते शिजे आणि दुसऱ्या दिवशी शब्बाथच्या जेवणाला मिळे. त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. आईकडून ऐकलेल्या ह्या गोष्टीवरून नॅक्सन यांनी भट्टीऐवजी विजेच्या तारेने सभोवार ऊब देणारे भांडे केले. अर्ज १९३६ सालचा, पेटंट मिळाले १९४० साली. पुढे १९७० मध्ये त्यांनी आपला धंदा रायव्हल नावाच्या कंपनीला विकला आणि तिने १९७१ साली ‘क्रॉकपॉट’ ह्या नावाने ते बाजारात आणले. त्या वर्षांत अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला जात होत्या. तीस वर्षे पडून राहिलेले भांडे तेव्हा धडाधड खपले.

ज्यू धर्माचा नियम आपल्याला अगदी परका वाटू नये. आपल्या कोकणात अलिबागकडे बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत राहिला. त्यांचा तेलाचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. आणि आपल्याकडे शीतला सप्तमीला चूल पेटवीत नाहीत, आदल्या दिवशीचे शिळे खातात. त्यांच्या बायकांनी नियम पाळून गरम जेवण्याची वाट काढली. आपण थंड खाल्ले, पण चुलीला आणि तिच्यापुढच्या बाईला एक दिवस सुटी मिळाली. कोणाचे चांगले हे ज्याचे त्याने ठरवावे.

इकमिकची कल्पना पुन्हा एकदा जिवंत झाली ती आपल्याच महाराष्ट्रात, आणि ह्याचा मला अभिमान वाटतो. डॉ. आनंद कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. त्यांनी १९९६ साली पुण्यात ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असे तंत्र शोधणारी ‘आरती’ नावाची संस्था काढली. उसाचे पाचट शेतकरी शेतातच पेटवून देतात. त्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत ह्या संस्थेने बसवली, आणि २००२ साली तिला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ह्या कांड्यांसाठी त्यांनी जो कुकर केला त्याचे नाव ‘सराई’. रचना इकमिकसारखीच, तळाशी कांड्यांची लहान शेगडी आणि वर एकात एक बसणारी भांडी. सुमारे १०० ग्रॅम कांड्यांत पाच माणसांचे जेवण होते. बाई कुकर लावून बाहेर जाऊ शकते, आणि कोळसा असल्याने गोवरीसारखा धूर नाही. मात्र कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दारे-खिडक्या बंद करून असा कुकर कधीही लावू नये. आपल्याकडे पाचट नाही, पण पऱ्हाट्या आहेत. त्यांचा कोळसा करून कांड्या पाडण्याचे काम बचत गटांनी हाती घेण्यासारखे आहे, असे मला तरी वाटते.

ज्यांना काहीच विकत घ्यायचे नाही त्यांच्यासाठी गवताची पेटी अजूनही उत्तम. गवताच्या जागी आपल्या घरचे कुटार चालते. लाकडी खोक्यात किंवा मोठ्या टोपलीत बोटभर नव्हे, चांगले वीतभर कुटार सगळीकडून दाबून भरावे, मधे गंज बसेल एवढी जागा ठेवावी आणि वरून झाकायला कुटार भरलेली उशी करावी. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून, गॅसवर दहा मिनिटे चांगली उकळू द्यावी आणि झाकण न काढता गंज पेटीत बसवून वर उशी दाबावी. दोन-अडीच तासांनी डाळ घोटण्याजोगी होते. भाताला पाच मिनिटे उकळी आणि तासभर पेटी पुरते. पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे, कारण वाफ उडून जात नाही. भांडे जितके भरलेले तितके चांगले. अर्ध्या गंजाची ऊब लवकर उतरते. मी गेली काही वर्षे हे करते आहे, आणि भारनियमनाच्या दिवसांत तर पेटीचा फार आधार वाटे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. अन्न कोमट होऊन तासन् तास राहिले तर ते नासते. साठ अंशांच्या खाली जंतू वाढू लागतात, म्हणजे गंज हाताला चटका देण्याइतका गरम असला पाहिजे. पेटीतून काढल्यावर पुन्हा एक उकळी द्यावी. दुसरे राजम्याचे. हल्ली आपल्याकडेही राजमा खातात. त्यात एक विषारी अंश असतो तो नुसत्या मंद ऊबेने जात नाही, उलट वाढू शकतो. रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळा उकळावा, मगच मंद आचेवर ठेवावा. विजेच्या स्लो कुकरमध्ये तर हे विसरूच नये. आपली तूर, मूग ह्यांना ही धास्ती नाही.

विजेच्या भांड्याचा खर्च काय, असे पुष्कळ जणी विचारतात. साधारण दोनशे वॅटचे भांडे आठ तास चालले तर दीड युनिटच्या आसपास वीज जाते. शिट्टीचा कुकर गॅसवर त्याहून स्वस्त पडेल. म्हणून ज्या दिवसभर घरी आहेत त्यांनी ते घेण्याचे कारण मला दिसत नाही. ज्या शाळेत, दवाखान्यात, पंचायत समितीत जातात आणि संध्याकाळी दमून येतात त्यांनी घ्यावे आणि घेताना कोणाची परवानगी मागू नये.

२०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना निघाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत गॅसची शेगडी पोचली. त्याने धूर घटला हे निश्चित. पण घाटाखालच्या गावांत हंगामात सकाळी कोणाच्या अंगणात डोकावले तर दोन्ही दिसतात. चहा गॅसवर, कारण तो लवकर हवा असतो. अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवर, कारण टाकी महिनाभर पुरवायची असते. आणि वैलावर डाळीचा गंज झाकलेला असतो. कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. जी बाई उन्हाच्या आधी शेतात पोचते तिचा कापूस जास्त भरतो. म्हणून ती निखारे ओढून, राख सारून, परळ ठेवून निघते आणि शेजारणीला जाता जाता सांगते, कुत्रे येऊ देऊ नकोस गं, वैलावर डाळ आहे.